जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही: आधी काय विकत घ्यायचं, नंतर काय बसवायचं

जुनी गाडी बघायला निघण्याआधी कागदावर दोन रकाने पाडा. नंतर बसवताच येत नाही ते डावीकडे लिहा, दुकानातून आणून बसवता येतं ते उजवीकडे. मोठी स्क्रीन, अलॉय व्हील, सीट कव्हर, रिव्हर्स कॅमेरा हे सगळं उजव्या रकान्यात जातं. विकणारा नेमकं तेच आधी दाखवतो आणि त्याचेच पैसे वाढवून मागतो. तुम्ही पैसे डाव्या रकान्याला द्या. वरचं मॉडेल घ्यावं की खालचं, हा प्रश्नही त्यातूनच सुटतो.

डाव्या रकान्यात सगळ्यात वर एअरबॅग लिहा. एअरबॅग म्हणजे नुसती पिशवी नव्हे. तिच्यामागे धडक ओळखणारे सेन्सर, वेगळं कंट्रोल युनिट, स्टीअरिंगबरोबर फिरणारी पट्टीसारखी वायर आणि ठरलेल्या रेषेवर फाटणारा डॅशबोर्ड असतो. ज्या मॉडेलला कारखान्यातून हे मिळालेलं नाही, त्याला कुर्ल्याच्या भंगार बाजारातून पिशवी आणून बसवली तरी ती वेळेवर उघडेल याची काहीही खात्री नसते. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची एअरबॅग जानेवारी २०२२ पासून सक्तीची झाली. त्याआधीचं खालचं मॉडेल घेताना प्रत्यक्ष मोजून बघा. टाटा नेक्सॉनला दोन एअरबॅग आणि एबीएस २०१७ पासून सगळ्या मॉडेलांत आहेत, आणि २०२० च्या नव्या चेहऱ्याच्या नेक्सॉनपासून ईएसपीही (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) सगळ्यांना आहे. मारुती ब्रेझाला ईएसपी सरसकट मिळालं ते २०२२ च्या नव्या पिढीत. क्रॅश टेस्टचे तारेही तारखेसकट वाचा. नेक्सॉनला ऑगस्ट २०१८ मध्ये चार तारे मिळाले होते, सुधारणा करून पुन्हा चाचणी दिल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये पाच मिळाले. म्हणून आरसीवरचा उत्पादनाचा महिना महत्त्वाचा.

ईएसपी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या सीटचे आयसोफिक्स हुक (लहान मुलाची सीट अडकवायचे) आणि सनरूफ हेही डावीकडेच. छत कापून बसवलेलं सनरूफ दिसलं तर ती गाडी सोडून द्या. छताचा पत्रा कापला की गाडी उलटल्यावर तिचा भार पेलून आतल्या माणसांना वाचवणारा भागच कमजोर होतो.

काही गोष्टी दोन्ही रकान्यांच्या मध्ये येतात: मागचा वायपर, स्टीअरिंगवरची बटणं, दारातले स्पीकर, फॉग लॅम्प. इथे सगळं वायरिंगवर अवलंबून असतं. काही कंपन्या सगळ्या मॉडेलांत एकच वायरिंग टाकतात आणि खालच्या मॉडेलात कपलर (वायर जोडायचा प्लग) मोकळा सोडतात, काही कंपन्या वायरच देत नाहीत. त्याच मॉडेलचा दाराचा पॅड उघडणारा फिटर गाठून विचारा. कपलर असेल तर वरच्या मॉडेलचा मूळ पार्ट, पार्ट नंबर देऊन कंपनीच्या स्पेअर काउंटरवरून आणायचा आणि बसवायचा. एकही वायर कापावी लागत नाही.

इंजिन निवडताना

पुढे सीएनजी किट घालायचा विचार असेल तर साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन घ्या. २०२० ते २०२२ मधल्या ब्रेझातलं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन या कामाला योग्य आहे. टर्बो पेट्रोलला बाहेरचं किट घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण गॅसवर एक्झॉस्टची उष्णता वाढते आणि त्याचा ताण टर्बो व व्हॉल्व्हवर येतो. किट मान्यताप्राप्तच घ्या, आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद करून घ्या आणि इन्शुरन्स कंपनीला कळवा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. जागेचा हिशेबही आधीच करा. ब्रेझाची डिकी ३२८ लिटरची आहे, ६० लिटरचा सिलिंडर आला की तिथे एखादी बॅग कशीबशी मावते. सिलिंडर, गॅस आणि ब्रॅकेट मिळून एका माणसाएवढं वजन कायम मागच्या स्प्रिंगवर बसतं. स्प्रिंग आधीच दबलेल्या असतील तर गाडी मागे बसते.

डिझेलवाल्यांनी टायमिंगकडे, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या चेन किंवा बेल्टकडे बघावं. ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेलला टायमिंग चेन आहे. फोर्ड इकोस्पोर्टच्या १.५ लिटर डिझेलला आणि रेनॉ डस्टरच्या डिझेलला बेल्ट आहे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही तर तो बदललेला नाही असंच धरा आणि ते पैसे किमतीतून कमी करून मागा. इकोस्पोर्टच्या १.० लिटर इकोबूस्ट पेट्रोलचा बेल्ट तर इंजिन ऑइलमध्ये भिजत चालतो. चुकीचं ऑइल घातलं की बेल्टचं रबर सुटतं, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब पडतो. फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवल्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली, त्यामुळे इकोस्पोर्ट घेताना आपल्या गावाजवळ तिचं काम जाणणारा मेकॅनिक आहे का, हे आधी बघा.

रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवायची इच्छा असलेले बरेच जण डिझेल शोधतात. वाढलेला टॉर्क आधी क्लचवर येतो. तो तपासायला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात गाडी ठेवा आणि चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर पळतो आणि वेग मागे राहतो, याचा अर्थ क्लच संपत आलाय. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या टोकाच्या आत बोट फिरवा. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळी काजळी आली तर आधीच्या मालकाने डीपीएफ काढून रीमॅप केलेला असू शकतो, किंवा डीपीएफ फुटलेला असतो. दोन्हीचा खर्च तुमच्याच अंगावर पडतो.

गाडी बघायला गेल्यावर

सकाळी, उजेडात आणि इंजिन थंड असताना बघा. बोनेटला हात लावा. विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या, कारण थंड इंजिनाचा खडखडाट आणि पहिला धूर लपवायचा तोच सोपा मार्ग आहे.

बॉडीसाठी दाराच्या चौकटीवरचं रबर हाताने ओढून काढा. खाली ठरावीक अंतरावर गोल खड्ड्यांसारखे स्पॉट वेल्ड दिसले पाहिजेत. ते बुजलेले असतील किंवा तिथे सलग वेल्डिंगची रेघ असेल तर तो खांब अपघातानंतर जोडलेला आहे. पुढच्या मडगार्डच्या आणि बोनेटच्या नटबोल्टांवरचा रंग पान्याने उडालेला दिसला तर पॅनल उघडलेलं आहे. पेंट गेज (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) मिळालं तर साधारण १०० ते १६० मायक्रॉन हा कंपनीचा रंग, ३०० च्या वर पुन्हा रंगवलेला, आणि हजाराच्या घरात आकडा गेला तर आत पुट्टी भरलेली. नुसता रंग मारलेला असणं वाईट नाही, गावात गाडी वापरली की ओरखडे येतातच. खांब आणि चासी मात्र शाबूतच हवेत, कारण सस्पेन्शन आणि चाकांचे सगळे बदल त्यांच्याच भरवशावर करायचे असतात.

पुराची गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतली सफाई कितीही चांगली केली तरी रीळाजवळच्या शेवटच्या हातभर पट्ट्याकडे कोणी बघत नाही. तिथे मातीची फिकट आडवी रेघ असते आणि नाकाशी धरला तर कुबट वास येतो. मग सीटखालचे रेल, स्टेपनीचा खड्डा आणि कार्पेटखालचा फोम बघा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली होतं. अशा गाडीत वायरिंगच्या कपलरना हिरवा गंज धरतो आणि तुम्ही नवी स्क्रीन, कॅमेरा लावलात की एकेक दोष बाहेर पडायला लागतात. अपग्रेड करायचंय त्याने पुराची गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांचा दाराखालचा पत्रा आणि ब्रेकचे पाइप टॉर्च लावून बघा.

इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांनी विझला पाहिजे. पेटतच नसेल तर तो कोणीतरी बंद केलेला आहे, आणि बहुधा उघडलेल्या एअरबॅग पुन्हा बसवलेल्याच नाहीत.

आधीच्या मालकाने केलेली फिटिंग ही स्वतंत्रपणे तपासायची गोष्ट आहे. स्टीअरिंगखालचं कव्हर उघडून टॉर्च मारा. कंपनीची वायरिंग काळ्या टेपमध्ये किंवा नळीत गुंडाळलेली, कपलरने जोडलेली असते. वायरी सोलून पिळलेल्या, वर इलेक्ट्रिशियनची टेप, तिचा डिंक उन्हाने चिकट होऊन बोटाला लागतोय, असं दिसलं तर आग लागण्याची जागा तीच. बॅटरीच्या प्लसवर किती जादा वायरी आहेत ते मोजा आणि प्रत्येकीला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज आहे का ते बघा. मल्टिमीटरवर गाडी बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. सगळं बंद करून अर्ध्या तासाने ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जात असेल तर बहुधा स्क्रीन किंवा ॲम्प्लिफायर चुकीच्या वायरवर जोडलाय.

बदल करण्याचा क्रम

पहिल्यांदा टायर, ब्रेक आणि शॉकअब. दिवे आणि म्युझिक त्यानंतर. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला.

साइज वाढवताना बाहेरचा व्यास तीन टक्क्यांच्या आतच वाढू द्या. पहिल्या ब्रेझाच्या खालच्या मॉडेलला २०५/६० आर१६ येतो, व्यास ६५२ मिमी. वरच्या मॉडेलचा २१५/६० आर१६ घातला तर ६६४, म्हणजे १.८ टक्के वाढ आणि जमिनीपासून सहा मिलिमीटर जादा उंची. हा बदल निर्धास्त करा, कंपनीनेच तो त्या गाडीवर दिलेला आहे. २१५/६५ आर१६ घातला की ६८६ होतो, पाच टक्क्यांच्या वर. मग काटा १०० दाखवतो तेव्हा खरा वेग १०५ असतो, स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनरला घासू शकतो, आणि आंबोली घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच जास्त वेळ घसरवावा लागतो. सतरा इंची चाकांवर २१५/५५ घेतलात तर टायरची कड २१५/६० च्या १२९ वरून ११८ मिमीवर येते. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत ते अकरा मिलिमीटर रिम वाचवतात.

अलॉय घेताना पीसीडी, म्हणजे नट बसतात त्या वर्तुळाचा व्यास बघा. ब्रेझाला पाच नट आणि ११४.३ मिमी, इकोस्पोर्टला चार नट आणि १०८ मिमी. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक मोठं असतं, त्यात मधली जागा भरून काढणारी हब रिंग घातली नाही तर ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी जात नाही. नट ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने आवळून घ्या.

उंची वाढवण्यासाठी स्प्रिंगखाली रबर किंवा ॲल्युमिनियमचे स्पेसर घालू नका. नेक्सॉनला मुळातच २०९ मिमी आणि ब्रेझाला १९८ मिमी क्लिअरन्स आहे. स्पेसरने ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलतो, जॉइंटवरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं आणि जॉइंट वाजायला लागतो. नवे शॉकअब आणि स्प्रिंग घातल्या तर दबलेली गाडी आपोआप वर येते.

हेडलाइटला ६०/५५ वॅटचे चांगले हॅलोजन बल्ब आणि रिलेची वायरिंग लावा. रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला की प्रकाश विखुरतो आणि समोरच्याला काही दिसत नाही. जास्त वॅटचा बल्ब होल्डर वितळवतो. रूफ रेलवर कॅरिअर लावायचा असेल तर रेल भार पेलणारी आहे की शोभेची, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच कॉम्पॅक्ट एसयूव्हींवर ती शोभेची असते.

कायदा आणि कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा असा मूलभूत बदल करता येत नाही. पुढे लोखंडी बुलबार नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावर बंदी घालायला सांगितलं, आणि एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धडक नीट पोचू न देणं हा त्याचा खरा धोका. रंग किंवा रॅपने गाडीचा मूळ रंगच बदलला तर आरसीत नोंद हवी.

दिल्लीकडची स्वस्त डिझेल बघत असाल तर तिथे जुन्या डिझेलवर निर्बंध आलेले आहेत, म्हणून ती स्वस्त दिसते. तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग हे सगळं किमतीत मिळवा. महाराष्ट्रातल्याच गाडीला मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. थकलेली ई-चलानं विकणाऱ्याकडून भरून घ्या. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, तुमच्याकडे येत नाही. बसवलेल्या महागड्या ॲक्सेसरीज पॉलिसीत वेगळ्या लिहून घ्या, नाहीतर क्लेममध्ये त्या धरत नाहीत.

गाडीतून काढलेली कंपनीची चाकं, स्टीरिओ, बल्बचे होल्डर आणि कपलर पोत्यात भरून, वर गाडीचा नंबर लिहून ठेवा. विकताना किंवा पंधरा वर्षांनी फिटनेसला नेताना तेच परत बसवायचे असतात.