घरी पाहिलेल्या पिच्चरबद्दल, सिरीजबद्दल दुसऱ्याला नीट कसं सांगायचं

"भारी आहे, बघाच" एवढं टाकून खाली दोन अंगठे दिले की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यातून काय कळतं? कुणाला भारी? नानांसोबत बसून बघायचा का पोरं झोपल्यावर? अडीच तासांत संपतो का पुढचे आठ दिवस जाणार? आपल्या जळगाव धुळ्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की दुपारी कुणी घराबाहेर पाय काढत नाही, त्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या, भाचेकंपनी जमलेली, सगळं घर कूलरपुढे, आणि मग "आज काय लावायचं" यावरून तासभर खल. अशा वेळी लोक पेपरातलं परीक्षण शोधत नाहीत, मामेभावाने ग्रुपवर काय लिहिलं होतं ते वर सरकवून बघतात. त्या मेसेजवर कुणाची तरी अख्खी दुपार ठरते, म्हणून तो जरा मन लावून लिहावा असं मला वाटतं.

सगळ्यात आधी कुठला पिच्चर ते पूर्ण सांगा. नाव, साल, भाषा, कुठल्या अॅपवर. नुसतं "दृश्यम पाहिला" म्हटलं तर कुठला? मल्याळममधला मोहनलालचा 2013 चा, हिंदीतला अजय देवगणचा 2015 चा निशिकांत कामतने केलेला, का त्याच्या पुढचा भाग? बघणारा भलताच लावून बसतो. डब केलेला पाहिला असेल तर तेही लिहा, कारण डबिंगमध्ये आवाज सपाट झाला असेल तर तो दोष नटाच्या माथी मारायचा नाही. आणि अॅपवरचे पिच्चर येतात तसे जातात पण, तेव्हा मेसेज टाकायच्या आधी एकदा बघून घ्या अजून आहे का.

मग कसा पाहिला ते. हे कुणीच लिहीत नाही आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. मोबाईलवर एसटीत चाळीसगाव ते धुळे जाताना पाहिला का टीव्हीवर, सलग का लाईट जाऊन येऊन तुकड्यातुकड्यात. संवाद ऐकूच येत नाहीत अशी तक्रार उन्हाळ्यात फार येते, आता खिडकीतला मोठा कूलर फुल स्पीडवर घरघरतोय, पाण्याची मोटर चालू, स्वयंपाकघरात भरिताची वांगी सोलता सोलता गप्पा चालल्यात, तर हळू आवाजातलं बोलणं कुठून ऐकू येणार? अशा वेळी सबटायटल लावा, कूलर एक पायरी कमी करा, तो सीन परत बघा, आणि तरी ऐकू आलं नाही तर खुशाल लिहा की आवाज खराब आहे. हळू चालणाऱ्या पिच्चरचंही तसंच, मध्ये तीनदा उठलात तर तो लांबल्यासारखा वाटणारच.

आता खरं काम. आवडलं का नाही हे एका ओळीत सांगून टाका, लपवू नका, पण त्याच्या मागोमाग एक सीन सांगा. एकच, पण असा की समोरच्याला डोळ्यासमोर दिसला पाहिजे. समजा नागराज मंजुळेचा 'फँड्री' पाहिला. "जातीवर जबरदस्त भाष्य" असं लिहून काही होत नाही, ते वाक्य कुठल्याही पिच्चरला चिकटवता येतं. त्याऐवजी असं लिहा: जब्या नावाच्या शाळकरी पोराचं घरदार शाळेजवळ डुक्कर धरायला पळतंय, डुक्कर आता हातात येणार तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, त्याला बघून घरचेपण थांबतात, आणि डुक्कर त्यांच्या डोळ्यादेखत निघून जातं. बस. हे वाचल्यावर बघायचा की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येतं, तुम्हाला स्टार द्यायचीसुद्धा गरज पडत नाही. नावडलेल्यालाही हाच नियम. "बोअर" लिहू नका, कुठे बोअर झालं ते लिहा, गाणी उगाच घुसडलीत का, शेवट गुंडाळला का, बापाचं काम करणारा नट प्रत्येक वाक्याला ओरडतोच आहे का.

एखादी पक्की माहिती असली तर जोडा, लोक त्याने बघायला बसतात. श्याम बेनेगलांचा 1976 चा 'मंथन' पोरांना लावा म्हटलं तर जुना म्हणून नाक मुरडतील, पण गोष्ट दूध सोसायटीची आहे, गुजरातच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये घालून तो काढलाय आणि 2024 मध्ये नव्याने साफ केलेली प्रिंट फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली असं सांगितलं की आपल्याकडे ज्यांच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत ते सगळे कान टवकारतील. आणि त्यात स्मिता पाटील आहे, जिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरकडचे. माहिती मात्र खात्रीची पाहिजे, फॉरवर्डमधली नको.

इथे एक गोष्ट सांभाळा भो. आपल्या भागातला म्हणून चांगला, असं करू नका. 2025 मध्ये रीमा कागतीचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला, धुळ्याहून हायवेने तासाभरावरचं गाव, आपल्याच बाजूची माणसं, साहजिक आहे ऊर भरून येतो. ते लिहाच. पण "मालेगाव दाखवलंय म्हणून मला गहिवरलं" हे वेगळं आणि "दुसऱ्या अर्ध्यात मैत्रीचा भाग चांगला जमलाय" हे वेगळं, दोन्ही एकात कालवली की अकोल्याच्या नाहीतर कोल्हापूरच्या माणसाला काहीच उपयोग नाही. मालेगावात घरच्या घरी पिच्चर काढणाऱ्या नासिर शेखच्या खऱ्या धडपडीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' नावाची माहितीपटवजा फिल्म आधीच होती, 2008 ची, फैजा अहमद खानची, ती पाहिली असेल तर दोन्हींची तुलना करा, असं कुणी लिहिलं की मी तरी शेवटपर्यंत वाचतो.

घरात कुणाकुणाला चालेल हे न विसरता लिहा. सुरुवातीला कोपऱ्यात U, U/A 7+, 13+, 16+ नाहीतर A अशी वयाची खूण येते आणि बाजूला हिंसा, शिव्या वगैरे बारीक अक्षरात असतं, ते बघून मेसेजात टाका. पण नुसत्या त्या खुणेवर जाऊ नका. 'पंचायत' घ्या, 2020 ला आली, फुलेरा गावातल्या ग्रामपंचायतीची गोष्ट, एका सीझनला 8 भाग, आपल्या गावच्या सरपंच-सचिव मंडळींना तर घरचीच वाटेल, पण मधूनच शिव्या आहेत, तेव्हा आबांच्या शेजारी बसून लावायची का ते घरातल्यांनी आधीच ठरवलेलं बरं. एवढं एक वाक्य लिहिलंत तर कुणाची तरी रिमोट शोधायची धावपळ वाचते.

सिरीज असेल तर कितवा भाग चालू आहे ते सांगा आणि अर्धी सोडली असेल तर तसंच लिहा, "तिसऱ्या भागावर सोडली, तीच तीच भांडणं" हे मत धरायला हरकत नाही, पण पूर्ण पाहिल्यासारखं बोलू नका.

शेवट फोडायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं तरी फोडतात. मुद्दाम नाही, उत्साहात होतं. "शेवट बघून हादरलो" एवढं म्हटलं तरी माणूस पूर्ण वेळ हादरायची वाट बघत बसतो, खून कुणी केला ते सांगायलाच लागत नाही. व्हॉट्सअॅपवर शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर आधी "पुढे शेवट आहे" असं लिहा, मग खाली खाली टिंबं देत जा, मेसेज लांबला की तो अर्धा झाकला जातो आणि "अजून वाचा" दाबल्याशिवाय पुढचं दिसत नाही. टेलिग्रामवर तर मजकूर झाकायची सोयच आहे. नाहीतर सरळ ज्यांनी पाहिलाय त्यांच्याशी वेगळं बोला.

मतं जुळणार नाहीत, त्यात बिघडलं काय. तुमच्या वहिनीला जे बघून रडू आलं ते तुम्हाला रडकं वाटलं असेल, तर "तुम्हाला कळलं नाही" असं कधीच लिहू नका, "मला तो दवाखान्यातला सीन पटला नाही, तुम्हाला का आवडला?" असं विचारा, बहुतेक वेळा उत्तरात असं काही येतं जे आपल्या नजरेतून सुटलेलं असतं. आणि नटाची, दिग्दर्शकाची, पात्राची जात काढून पिच्चरला मार्क देणं पूर्ण बंद करा. गावाकडच्या ग्रुपांवर हे सर्रास चालतं, मला ते फार लागतं, कारण एकदा तिकडे गाडी वळली की पिच्चर राहतो बाजूला आणि ज्यांना खरंच काही सांगायचं असतं ती पोरं-पोरी गप्प बसतात.

राहिले टाइप न करणारे लोक. आजी, मावशी, शेतातून दमून आलेला काका, हे लोक पिच्चर बघतात, त्यांना मत पण असतं, पण ग्रुपवर ते कधी येत नाही. त्यांना "कसा वाटला" असं विचारलं तर "चांगला शे" म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा "त्या सासूचं चुकलं का हो?" असं विचारा, मग बघा कशी गाडी सुरू होते. जुन्या लोकांनी दूरदर्शनवर शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी पिच्चर अख्ख्या गल्लीसोबत ओट्यावर बसून पाहिलेला असतो, कोण नट खरं काम करतो आणि कोण नुसता दिसतो हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. त्यांना विचारून व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करा, अहिराणीत बोलल्या तर अहिराणीतच राहू द्या, मिनिटभराच्या आत ठेवा म्हणजे लोक ऐकतात, आणि वर पिच्चरचं नाव, साल, भाषा तुम्ही टाइप करून टाका.