खाडीकाठचे बगळे टिपायचे तर आधी तिथी बघा

नवी मुंबईत बगळा शोधावा लागत नाही. ऐरोलीपासून सीवूड्सपर्यंत ठाणे खाडीला लागून कुठेही उभे राहा, थोड्या वेळात दोन-तीन जाती नजरेला पडतात. अडचण येते ती फोटोत. पक्षी फार लांब, चिखलावरची हवा लहरते आहे आणि बगळ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. बहुतेक वेळा चुकलेली असते ती वेळ, लेन्स नव्हे.

ओहोटीला लांबवर चिखल उघडा पडतो आणि बगळे पाण्याच्या कडेने आत आत जातात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो. मग ते तिवरांच्या शेंड्यांवर, नाहीतर नेरुळ-सीवूड्सकडच्या टी. एस. चाणक्य पाणथळीसारख्या आणि डीपीएस तलावासारख्या आतल्या पाण्यावर येऊन मान खांद्यात घालून बसून राहतात. कामाचे आहेत ते पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास. पाणी चढतं तसा पक्षी पावलापावलाने बांधाकडे सरकतो. आपण मात्र जागचं हलायचं नाही.

वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब पुरतो: तिथीला पाऊणने गुणायचं. द्वादशीला बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास भरती. तासाभराचा फरक पडू शकतो, शिवाय मुंबई बंदराच्या मानाने खाडीत आत पाणी उशिरा पोचतं, म्हणून निघण्याआधी भरतीचा तक्ता पाहून घ्या. सकाळी चढतं पाणी हवं तर एकादशी ते त्रयोदशी हे दिवस धरा, शुक्ल पक्षातले असोत वा कृष्ण. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत, पाणी जेमतेम चढतं, पक्षी लांबच राहतात.

सकाळच का? नवी मुंबई खाडीच्या पूर्वेला आहे. बांधावरून पश्चिमेकडे पाहताना सूर्य पाठीशी राहतो. संध्याकाळी तोच समोर येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. दुसरं कारण वाऱ्याचं. हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा जमिनीकडून खाडीकडे असतो. बगळा वाऱ्याला तोंड देऊन उडतो आणि उतरतोही तसाच, म्हणजे आपल्याकडे तोंड करून. दुपारी खारा वारा सुटला की पाठच दिसते. दहानंतर चिखल तापतो, हवा थरथरते, आणि कितीही महाग लेन्स असली तरी पिसं स्पष्ट येत नाहीत.

ओळखीसाठी आधी मान बघा. उडताना बगळा मान दुमडून घेतो. फ्लेमिंगो आणि करकोचे ती सरळ ताणतात. पांढऱ्यांत घोटाळा जास्त. चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे असतील तर तो लहान बगळा. मोठ्या बगळ्याची जिवणी डोळ्याच्याही मागे जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते. समुद्री बगळा पांढराही असतो आणि गडद राखाडीही. राखाडी रूपात पांढरा गळा लगेच कळतो. राखी बगळा उभा राहिला की जवळपास मीटरभर उंच. वंचक, म्हणजे आपली ढोकरी, बसलेली असताना चिखलाचाच ढेकूळ वाटते आणि उडाली की अचानक पांढरी होते.

आता एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते. गडद चिखलावर छोटा पांढरा पक्षी असला की कॅमेरा चिखल उजळवतो आणि पिसं जळतात. एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १.३ वर न्या. राखी बगळ्यामागे चमकतं पाणी असेल तर उलट, अधिक ०.७. प्रकाश स्थिर असेल तर मॅन्युअल उत्तम: उन्हातल्या पांढऱ्या बगळ्याची पिसं जळणार नाहीत इतपत एक्स्पोजर ठरवा आणि तेच ठेवा. पार्श्वभूमी बदलली तरी पांढरा पांढराच राहतो. फोकल लेंग्थ निदान ४०० मिमी हवी. उभ्या पक्ष्याला शटरचा वेग सेकंदाचा १/५०० भाग चालतो, उडत्याला १/१६००, मासा मारताना १/२५००. लेन्स एसी गाडीतून थेट बाहेर काढली तर काचेवर वाफ धरते. बॅगेतच वीसेक मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या.

मासा मारण्याचा क्षण नशिबाने मिळत नाही, तो आधी दिसतो. पाऊल हवेत थांबतं. मान सावकाश पुढे येते, डोकं किंचित कलतं, मग मान मागे घेऊन इंग्रजी एससारखी वळते. लांबट सहाव्या मणक्याजवळ जो कोन दिसतो, तिथूनच भाल्यासारखा झटका बसतो. डोकं कललं की बटण दाबायला सुरुवात करा. चोच हलल्यावर दाबाल तर फक्त शिंतोडे मिळतील. चौकटीत चोचीच्या दिशेला रिकामं पाणी ठेवा, नाहीतर चोच कापली जाते. मासा धरल्यावर कॅमेरा खाली घेऊ नका. बगळा मासा फिरवून त्याच्या डोक्याकडून गिळतो आणि सगळ्यात चांगली चित्रं त्या काही सेकंदांत असतात.

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट मिळते, तीही भरती बघूनच सुटते. बोटीच्या कठड्यावर लेन्स टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते.

चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसतो, पण माणूस मांडीपर्यंत रुततो आणि मागून पाणी चढत असतं. तिवरांची श्वसनमुळंही तुडवली जातात. ठाणे खाडीत २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२पासून ती रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत आहे. परवानगीशिवाय ड्रोन नको. बगळ्याने मान ताठ करून आपल्याकडे पाहिलं तर तिथेच खाली बसा. पुन्हा मान सैल पडली तरच पुढे.

पावसाळ्यात वंचकाची पाठ तपकिरी-लाल होते, पांढऱ्या बगळ्यांना पाठीवर झालरीसारखी पिसं येतात. तेव्हा ठाण्यात, नवी मुंबईत रस्त्याकडेच्या आणि सोसायट्यांमधल्या मोठ्या झाडांवर त्यांची सारंगागारं, म्हणजे एकत्र घरटी, भरतात. तिथे फ्लॅश अजिबात नको आणि झाडाखाली गर्दीही नको. आई-बाप उठले की कावळा अंडी उचलायला टपलेलाच असतो. रस्त्याच्या पलीकडून दहा मिनिटं टिपा आणि निघा. घरटी असलेल्या झाडाची छाटणी चालू दिसली तर लगेच वनविभागाला कळवा.