झोटेरो ७ टाकल्यावर कनेक्टर बंद पडला तर

सगळ्यात आधी झोटेरो, म्हणजे संदर्भ साठवायचं ॲप, बंद करून त्याचा अख्खा डेटा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, थिसिसचे सगळे संदर्भ त्यातच असतात, प्लीज हे टाळू नका. मग ॲप उघडा आणि उघडंच राहू द्या, कारण ब्राउझरमधला कनेक्टर (वेबपेजवरून संदर्भ झोटेरोत सेव्ह करणारं एक्स्टेंशन) तुमच्याच मशीनच्या २३११९ पोर्टवरून ॲपशी बोलतो, मध्ये फायरवॉल किंवा अँटिव्हायरस आला की कनेक्टरला वाटतं झोटेरो बंदच आहे. तरी नाही झालं तर एक्स्टेंशन अपडेट करून ब्राउझर पूर्ण बंद करून परत चालू करा. वर्डमधला झोटेरो टॅबच गायब असेल तर वर्ड बंद करायचं, झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये साइट (Cite) खाली वर्ड प्रोसेसरचं ॲड-इन रीइन्स्टॉल करायचं. आणि झोटेरो ६ साठीचे जुने प्लगिन ७ मध्ये चालत नाहीत, बेटर बिबटेक (Better BibTeX) वगैरे प्लगिनचं नवीन व्हर्जनच घ्या.