ओटीपोटाचे व्यायाम: आवळण्याआधी सोडायला शिका, या चुका टाळा

खोकताना लघवीचे थेंब पडतात, तिला सांगतात 'कीगल कर', म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम. संबंधाच्या वेळी खाली चमका येतात, तिलाही तेच. बऱ्याच बायकांची फसगत इथेच होते. पुढच्या जघनहाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. ती सैल पडली तर लघवी गळते, अंग खाली आल्यासारखं वाटतं. उलट ती सतत ताठलेली असली तर संबंध दुखतात, लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागतो, माकडहाड ठणकतं. ताठलेले स्नायू आणखी आवळले की दुखणं वाढणारच.

दुखत असेल तर आधी आवळणं बंद. पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीवर किंवा उशांवर ठेवा. चार मोजत नाकाने श्वास घ्या, पोट वर येऊ द्या आणि खालचा भाग सैल सोडा. कुंथायचं मात्र नाही. मग सावकाश सहा मोजत श्वास सोडा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा.

गळतीसाठी आवळायचं असेल तर वारा अडवल्यासारखं करत आत आणि वर खेचा. चुकतंय का, हे आरशात कळतं: योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा आत जायला हवी. बाहेर फुगली तर तुम्ही कुंथताय. कुल्ले आणि मांड्या सैलच राहू द्या. आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास कोंडून ठेवता येत नाही. सुरुवात तीन सेकंदांनी. तेवढाच वेळ, हवा तर जास्तही, पूर्ण सैल. हळूहळू आठ-दहा सेकंदांपर्यंत न्या. एका वेळी आठदा, दिवसातून तीन वेळा, किमान तीन महिने. पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका.

लघवी करताना धार थांबवून सराव करू नका; मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

खोकला यायच्या आत किंवा कळशी उचलण्याआधी एकदा आवळून घ्या, मग श्वास सोडत उचला. बेळगाव भागात खानापूरकडे भाताची रोपं लावताना दिवसभर वाकून काम, निपाणीत विड्या वळताना तासन्‌तास एकाच बैठकीत. अर्ध्या-पाऊण तासाने उभं राहून कंबर मोकळी करा.

शेतात आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिणं ही सगळ्यात सवयीची चूक. लघवी दाट होऊन मूत्राशयाला टोचते, शिवाय बद्धकोष्ठ होतो आणि कुंथून झोळीवर ताण येतो. दुसरं टोक म्हणजे बस पकडायच्या आधी, लागलेली नसताना उगाच जाऊन येणं. त्याने मूत्राशयाला थोडक्यातच इशारा द्यायची सवय लागते. साधारण दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

बाळंतिणीचं पोट करकचून बांधलं की पोटातला दाब खाली जातो. बांधायचंच असेल तर श्वास अडकणार नाही इतपत बांधा.

लघवीत रक्त, ताप, पाळी गेल्यावर रक्तस्राव किंवा नवीन गाठ असेल तर आधी डॉक्टरांकडे. लघवी अडली किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला तर त्याच दिवशी, थांबू नका. बाकी तक्रारींसाठी बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. स्त्रियांच्या ओटीपोटाची तपासणी करणारी फिजिओथेरपिस्ट कोण, हे आधी विचारा. व्यायामाचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत मिळाला तर मराठीत करून दाखवायला सांगा. आतून तपासायचं असेल तर तुमची परवानगी लागते. 'आज नको' म्हणता येतं, आणि सोबत बहीण किंवा नणंद असू द्या म्हणायलाही लाजायचं कारण नाही.