रानातल्या पाल्याची बिअर : पहिल्या खेपेची तयारी

रानातून खुडून आणलेल्या पाल्याची बिअर करायची म्हटलं की लक्ष आधी यीस्टकडे, पातेल्याकडे आणि बाटल्यांकडे जातं. माझी यादी झाडापासून सुरू होते आणि तिथेच सगळ्यात जास्त रेंगाळते. बिअर आंबट झाली, तिला फेसच आला नाही, तर ती ओतून देता येते. झाड ओळखण्यातली चूक मात्र पोटात जाते.

म्हणून पहिल्या खेपेला एकच वनस्पती घ्या. चार-पाच एकत्र उकळायचा मोह होतो, कारण जुन्या पाककृतींत तसंच असतं. हॉप्सचा, म्हणजे आज बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, वापर रूढ होण्याआधी युरोपात बिअरला कडवटपणा आणि वास यायचा तो बॉग मर्टल, यॅरो, मार्श रोझमेरी अशा पाल्याच्या मिश्रणातून; त्याला ग्रूट म्हणत. पण चव बिघडली तर ती कशामुळे बिघडली हे पाच झाडांच्या काढ्यातून कळत नाही. शिवाय जुन्या पाककृतीत आहे म्हणून ते निर्धोक, असंही नाही. मार्श रोझमेरीत लेडॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, आणि बॉग मर्टल किंवा मगवर्ट हा आणखी एक पाला गरोदरपणात टाळायचा असतो. मला विचाराल तर पहिली वनस्पती नेटल, अंगाला लागली की आग करणारी. तिच्यासारखी दिसणारी डेड-नेटल आग करत नाही, आणि चुकून हाती आलीच तरी ती विषारी नाही. एवढी सवलत रानात फार थोड्या वनस्पती देतात.

दुसरी कुठली निवडलीत तर तिच्या घातक जुळ्याची ओळख आधी करून घ्या. यॅरोचा पाला पिसासारखा बारीक चिरलेला, फुलांचे पांढरे गुच्छ. घाईत पाहणाऱ्याला विषारी हेमलॉकही पांढऱ्या फुलांचा आणि चिरल्या पाल्याचाच दिसतो. यॅरोच्या देठावर लव असते आणि पाला चुरगळला की औषधी, सुगंधी वास येतो. हेमलॉकचं खोड गुळगुळीत आणि पोकळ, त्यावर जांभळे डाग. स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडाचे शेंडे घेणार असाल तर एक सुई तोडून बोटांच्या चिमटीत फिरवून बघा: ती चौकोनी असल्यामुळे सहज फिरते, आणि चुरडली की राळेचा वास येतो. यू या झाडाची सुई चपटी असते, बोटांत तशी फिरत नाही, आणि त्या झाडाचा फळावरचा लाल गर सोडला तर सगळे भाग विषारी आहेत. नुसत्या पानावर विसंबू नका. पान, देठ, वास, फूल, उगवायची जागा यांतल्या किमान तीन खुणा स्वतंत्रपणे जुळल्या पाहिजेत. ओळख पटवण्यासाठी चव घ्यायची नाही, कधीच नाही. फोनवरचं ॲप नाव सुचवतं तेवढ्यापुरतं ठीक. निर्णय चांगल्या वनस्पतीपुस्तकावर आणि जमलं तर जाणत्या माणसाच्या डोळ्यांवर सोडा. जे आणाल त्यातली एक फांदी कागदात दाबून तारखेसकट ठेवा. पुढे कुणाला त्रास झालाच तर डॉक्टरांना दाखवायला ती हाताशी असेल.

जागाही आधी ठरवा. जमीन कुणाची आहे, खुडायला परवानगी आहे का, परिसर संरक्षित आहे का, हे विचारून घ्या. रहदारीच्या रस्त्याची कड, फवारणी झालेल्या शेताचा बांध, कुत्री फिरवायची वाट, कारखान्याचं सांडपाणी येतं तो काठ, या जागा सोडायच्या. नेटल फुलावर येण्याआधी खुडतात. नंतर पानं राठ होतात आणि त्यांत चुन्याचे बारीक कण साठतात. फक्त वरची चार-सहा पानं घ्या. जाड हातमोजे, पूर्ण बाह्या, कात्री आणि हवा खेळेल अशी कापडी पिशवी बरोबर हवी. साडेचार लिटरच्या घाण्याला अर्धा किलो शेंडे पुरतात. एकाच जागचं सगळं खुडून नेऊ नका, आणि स्प्रूसच्या लहान रोपाचा मधला शेंडा तर अजिबात तोडू नका, त्याची उंचीची वाढ तिथूनच होत असते.

पाला घरी आला की लगेच बिअर नाही. मूठभर पाला उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून त्याचा चहा करा, गाळा आणि घोटभर चाखा. किती कडू आहे, गवतासारखा वास येतो का, जिभेवर काय उरतं, हे वहीत लिहा. प्रमाण किती घ्यायचं ते पाककृतीपेक्षा या कपातून जास्त कळतं. त्याच दिवशी आणखी पिऊ नका. अंगावर काही उठतं का ते बघायला एक रात्र जाऊ द्या. डेझीच्या कुळातल्या झाडांची ॲलर्जी असलेल्याने यॅरो आणि डँडेलियनच्या वाटेला जाऊच नये.

भांड्यांची यादी त्या मानाने छोटी आहे. उकळायला नऊ-दहा लिटरचं स्टीलचं पातेलं लागेल, कारण माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, पाणी उतू जातं ते बघता बघता. आंबवायला सहा लिटरचा खाण्यायोग्य प्लास्टिकचा किंवा काचेचा फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, झाकणात एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी. वर फेसाला जागा उरते आणि वायू बाहेर पडतो. घट्ट बंद डब्यात आंबवायचा विचारही करू नका. थर्मामीटर, ग्रॅमचा वजनकाटा, मलमलचं फडकं, सायफनची नळी. आणि हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात साखर किती उरली ते त्याच्या घनतेवरून दाखवणारी तरंगती नळी. तो महाग वाटतो म्हणून लोक गाळतात, पण बाटल्या भरायची वेळ झाली की नाही हे खात्रीने सांगणारं घरात दुसरं काही नसतं.

स्वच्छतेचे दोन टप्पे आहेत आणि ते वेगळेच ठेवायचे: आधी घासून धुणं, मग जंतू मारणं. चिकट कडा राहिलेल्या भांड्यावर सॅनिटायझर ओतून उपयोग नसतो. उकळी उतरल्यानंतर द्रवाला जे जे शिवेल, म्हणजे चमचा, नळी, झाकण, एअरलॉक, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा, ते सॅनिटायझरमधून काढा. ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो. पाल्याच्या बिअरला ही काळजी जास्त लागते. हॉप्स नुसती कडू चव देत नाहीत, दूध आंबवणाऱ्या जातीच्या जंतूंना ते रोखतात. बाराव्या शतकात हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन या जर्मन संन्यासिनीने हॉप्समुळे पेय टिकतं असं लिहून ठेवलं होतं. नेटलकडे ते बळ नाही. म्हणून भांडी निर्मळ, घाणा लहान, आणि तयार झाल्यावर थंड जागी ठेवून काही आठवड्यांत पिऊन संपवायची.

आता सामान. साडेचार लिटर पाणी धरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. पाणी आधी उकळून घ्या. क्लोरामाइन (क्लोरीनचाच टिकाऊ प्रकार) घातलेलं असेल तर ते उकळून सहज जात नाही, त्यासाठी कॅम्पडेन गोळीचा (पाण्यातलं क्लोरीन मारणाऱ्या सल्फाइटच्या गोळीचा) लहान तुकडा पुरतो. पाचशे ग्रॅम कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची भुकटी), दोन लिंबं, नेटलचे शेंडे. शेवटी साडेचार लिटर द्रव हाती आला तर हायड्रोमीटर १.०४१ च्या आसपास दाखवेल (साधं पाणी १.०००), आणि आंबून तो १.०१० ला थांबला तर अल्कोहोल साधारण चार टक्के. एल जातीचं, म्हणजे खोलीच्या तापमानाला आंबवणारं, कोरडं बिअरचं यीस्ट तीन ग्रॅम बास. अकरा ग्रॅमचं पाकीट सहसा वीसेक लिटरसाठी असतं. पावाच्या यीस्टनेही आंबतं, पण ते तळाशी नीट बसत नाही आणि पावाचा वास मागे ठेवतं. हवेतल्या, पानांवरच्या रानटी यीस्टवर सोडून द्यायचा प्रयोग आकर्षक आहे खरा. तो पुढच्या खेपांसाठी ठेवा.

करायच्या आदल्या रात्री बर्फ जमवून ठेवा, हे बहुतेक जण विसरतात. माल्ट आणि पाला घालून उकळलेलं पाणी पंचवीस अंशांच्या खाली झटपट आणायचं असतं, कारण कोमट अवस्थेत ते जितका वेळ राहील तितकी जंतूंची सोय. गार झालं की फर्मेंटरमध्ये ओतून खळखळून हलवा. यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो, नंतर मात्र हवा लागू द्यायची नाही. फर्मेंटर ठेवायला अठरा ते वीस अंशांची अंधारी जागा आधीच मोजून ठेवा, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. खाली ताट ठेवा.

बाटल्या जाड काचेच्या, बिअरच्याच हव्यात. शोभेच्या पातळ किंवा चौकोनी बाटल्या दाब सोसत नाहीत, फुटतात, आणि काचा खोलीभर उडतात. दोन-तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा हलला नाही तरच भरायला घ्या. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले हा पुरावा नव्हे. वायूसाठी लिटरला सहा ग्रॅम साखर, चमच्याने अंदाजे नाही, काट्यावर मोजून. एक बाटली सोड्याची प्लास्टिकची घ्या. ती दाबून बघितली की बाकीच्यांत किती दाब चढलाय ते कळतं. ती दगडासारखी कडक झाली की सगळ्या फ्रीजमध्ये हलवा.

या सगळ्याच्याही आधी एक चौकशी करा: तुम्ही राहता तिथे घरी बिअर करायला कायद्याची मुभा आहे का? ब्रिटनमध्ये १९६३ पर्यंत त्यासाठी परवाना लागायचा, अमेरिकेत केंद्रीय कायद्याने मोकळीक दिली ती १९७८ मध्ये. काही ठिकाणी आजही परवाना लागतो, काही ठिकाणी मनाई आहे. आणि जिथे आंबवायला परवानगी आहे तिथेही ऊर्ध्वपातन करून दारू गाळणं हा बहुतेक वेळा वेगळा गुन्हा असतो. त्याचे धोकेही वेगळे.

शेवटची वस्तू म्हणजे चिकटपट्टी आणि न पुसणारं पेन. प्रत्येक बाटलीवर वनस्पतीचं नाव, खुडल्याची जागा, भरल्याची तारीख आणि अल्कोहोलचं प्रमाण लिहा. पाहुण्याच्या हाती बाटली देताना, ती कशाची आहे हे त्याने विचारायच्या आधीच सांगा. औषधं चालू असलेल्याला, ॲलर्जी असलेल्याला किंवा पोटुशी बाईला नको म्हणायला तेवढी माहिती लागते.