मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होताना

पहिल्या आठवड्यात माझी फजिती केली ती 'सिस्टर' या शब्दाने. पेशंटने "सिस्टर" म्हणून हाक मारली की मी धावायचे. पण इन्चार्ज "सिस्टरना विचारून ये" म्हणाल्या, की मी शेजारच्या नर्सचं तोंड बघायचे. त्यांना म्हणायचं असायचं कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर, म्हणजे दवाखाना चालवणाऱ्या जोगिणी (नन). हा घोळ निस्तरायला महिना गेला.

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून मी मुंबईतल्या एका कॅथलिक हॉस्पिटलात लागले. घरात माळकरी आजोबा, त्यामुळे आईचा पहिला प्रश्न, "तिकडे बाटवत तर नाहीत ना?" मला तरी कधी कुणी काही विचारलं नाही. सकाळी ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, घेण्याआधी दोन मिनिटं प्रार्थना असते, हात जोडून गप्प उभं राहिलं तरी चालतं. कुणी ख्रिस्ती पेशंट अत्यवस्थ झाला, तर फादरना बोलावणं मात्र आपल्याच ड्युटीत येतं. ते विसरू नका, नातेवाईक नंतर माफ करत नाहीत.

इंटरव्ह्यूला "आमच्या कामाबद्दल काय माहीत आहे?" हे हमखास विचारतात. मी भिंतीवरच्या फ्रेममधली 'करुणा, सेवा, समर्पण' पाठ म्हणून दाखवली. समोरच्या सिस्टर नुसत्या हसल्या. खरी गोष्ट मला पुढे लेबर रूममध्ये, रात्री तीनच्या चहाबरोबर एका म्हाताऱ्या सिस्टरकडून कळली. चर्चच्या नियमानुसार जोगिणींना बाळंतपण करायची मनाई होती. इकडे पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत आणि बाळंतपणात मरत. रावळपिंडीत हे डोळ्यांनी पाहिलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगेल यांनी 1925 साली वैद्यकीय काम करणाऱ्या स्त्रियांचा संघ काढला. जोगिणींना हे काम करायची परवानगी रोमने दिली ती 1936 मध्ये. मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर तर त्याच्याही आधी, 1920 साली, आंध्रातल्या गुंटूरला आल्या आणि पोपच्या खास परवानगीने जोगीण होऊनही डॉक्टरकी करत राहिल्या. देशभरातल्या कॅथलिक दवाखान्यांची संघटना त्यांनीच 1943 मध्ये उभी केली. कॅथलिक मेडिकल कॉलेजचं त्यांचं स्वप्न बंगळुरूच्या सेंट जॉन्सच्या रूपाने 1963 मध्ये खरं झालं. तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

आता अवघड भाग. गर्भपात आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आमच्याकडे होत नसे. गर्भ नळीत राहिला असेल तर आईचा जीव वाचवायला नळी काढतात, तिथे उगाच घाबरू नका. पण दुसऱ्या सिझेरियनला आलेली बाई म्हणते, "ताई, पोट उघडलंच आहे, तर ऑपरेशनही उरकून टाका ना." तिला नाही म्हणताना माझा जीव कायम खाली-वर व्हायचा. तिचं पोट पुन्हा दुसऱ्या दवाखान्यात उघडायचं, हे मला आजही पटत नाही. एवढंच करा, नाव नोंदवायला येते तेव्हाच तिला स्पष्ट सांगा. नवव्या महिन्यात नको.

एका पहाटे नऊ नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले. मी वॉर्डातल्या आयाबाईंना, मावशींना, म्हटलं, "वॉर्डबॉय मामांना बोलवा, नऊ नंबरची बॉडी पॅक करायची आहे." मागे नर्सिंग सुपरिंटेंडंट सिस्टर उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. कोमट पाणी मागवलं, पडदा ओढला, आणि आजोबांचं नाव घेऊन म्हणाल्या, "आता तुमचं तोंड पुसते हं." दाढी वाढली होती, ती त्यांनी स्वतः केली. मुलगा नाशिकहून येईपर्यंत चादर गळ्यापर्यंतच ठेवली. तेव्हापासून वॉर्डात नंबराने हाक मारली की मलाच ठेच लागते.

पगार कॉर्पोरेटपेक्षा कमी, हे धरूनच चला. गणपतीची रजा मला पहिल्या वर्षी मिळाली नाही, रडले होते. पुढच्या वर्षीपासून नाताळची रात्रपाळी मी मागून घ्यायचे आणि त्या बदल्यात गौरीला गावी जायचे. रोस्टर महिनाभर आधी लागतो, अदलाबदलीचा अर्ज त्याआधी टाका.