हॉलमधले फोटो हलतात? आधी या चुका टाळा

अंधुक उजेडातला फोटो बिघडला की कॅमेऱ्याला नावं ठेवण्याआधी तो १०० टक्के झूम करून बघा. मागचा पडदा स्पष्ट पण वक्त्याचा हात पुसट? शटरचा वेग कमी पडला. सगळी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी? कॅमेरा हलला. कान धारदार आणि डोळा मऊ? फोकस चुकला.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते आयएसओच्या (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, त्याच्या आकड्याच्या) धास्तीने: तो वाढवला की फोटोत नॉइज, म्हणजे दाणे येतात. आयएसओ ८०० वर अडवून धरला की शटर १/३० सेकंदावर येतं आणि चेहरे हलतात. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पक्कं करा, आयएसओ ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ६४०० द्या. बोलणाऱ्या माणसाला १/१६०, नाचणाऱ्याला किमान १/४००. नॉइज नंतर कमी करता येतो, हललेला चेहरा नाही. मुद्दाम काळपट काढून मागाहून उजळवण्यातही काही हशील नाही. जेपेगमध्ये तर सावल्यांत रंगांचे डाग उठतात. स्टॅबिलायझेशनवरही विसंबू नका. ते तुमचा हात सावरतं, समोरच्याचा नाही.

पैसे आधी लेन्सवर घाला, बॉडीवर नंतर. नेहमीची १८-५५ किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ वर येते (एफचा आकडा लहान, तितकं भोक मोठं). एफ/२.८ तिच्या चौपट उजेड घेते, ५० मिमी एफ/१.८ जवळजवळ दसपट. मात्र फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमी, एफ/१.८ आणि दोन मीटर अंतर असेल तर फोकसची खोली जेमतेम सहा सेंटिमीटर मिळते. दोन रांगांच्या ग्रुपला एफ/४ तरी लावाच.

फोटोत आडवे पट्टे आले तर संशय सायलेंट (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) शटरवर घ्या. ५० हर्ट्झ विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर (लुकलुक चुकवणारी सोय) चालू करा. तरी भागलं नाही तर १/१०० वर उतरा (६० हर्ट्झला १/१२५) आणि वक्ता क्षणभर थबकेल तेव्हाच बटण दाबा.

फ्लॅश छतावर मारायचा तर छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं हवं. लाकडी छताचा पिवळेपणा थेट चेहऱ्यावर उतरतो.

ऑटो आयएसओ कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचं ऐकतो, आणि मीटर फसतं. वक्त्यामागे झगझगीत एलईडी पडदा असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-काळपट करायची दुरुस्ती) +१. काळ्या रंगमंचावर एकच झोत असेल तर −१, नाहीतर कपाळ आणि नाक जळून पांढरं पडतं.